बिघडवलेला काटा

सिस्टर बाबांचं मनगट धरून बसली की लेकीच्या मनात पाल चुकचुकायची.

त्या दिवशीही चुकचुकली. सकाळचं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. खाट भाड्याची, लोखंडी, डोक्याच्या बाजूने वर करता येणारी. सिस्टरने आधी ताप पाहिला, मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, मग बाबांच्या बोटाला तो छोटा चिमटा लावला. चिमट्यावर लाल आकडे उमटले, एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा. इथवर सगळं रीतसर. पण नाडी चिमट्यात धडधडीत दिसत असताना ही बाई पुन्हा हात कशाला धरते? आणि धरते तर सोडायचं नाव घेत नाही. तोंडातून शब्द नाही. नजर कधी स्वतःच्या छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळावर, कधी बाबांच्या सदऱ्यावर. बाबा बापडे छताकडे बघत पडलेले, समाधी लागल्यासारखे शांत. त्यांच्या बोटात एरवी सोन्याची अंगठी असायची, आईने दिलेली. सिस्टर यायला लागली त्या पहिल्या आठवड्यातच लेकीने ती साबण लावून काढून ठेवली होती. बाबांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, बोट सुजलंय. बोट सुजलेलं नव्हतं.

"श्वास अठरा," सिस्टर म्हणाली आणि हात सोडून पिशवी आवरू लागली.

"कालही अठराच होते."

"हो ना. बरंच आहे की, ताई."

"परवाही."

सिस्टर हसली. दमलेलं, सवयीचं हसू. तिला अजून चार घरं करायची होती. "तुमचे बाबा शिस्तीचे आहेत," ती म्हणाली.

श्वासाचा आकडा त्या घरात साधासुधा नव्हता. दोन महिन्यांपूर्वी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं ते त्याच आकड्यापायी. हृदय थकलेलं, फुप्फुसात पाणी. पण सगळ्यांत आधी वाढला तो श्वास. घरी सोडताना डॉक्टरांनी सिस्टरला बजावलं, आणि ते बाबांच्या देखत बजावलं, "मिनिटाला पंचविसाच्या वर गेला की कुणाची वाट बघायची नाही. उचलून आणायचं." बाबांनी त्यावर मान डोलावली होती. घरी आल्यावर मात्र लेकीला जवळ बोलावून म्हणाले होते, "मापटं, मला इथून उचलायचं नाही. तुझी आई दवाखान्यात काचेपलीकडे गेली आणि आपण अलीकडे चपला सांभाळत बसलो. मला काच नको." लहानपणी ती बुटकी होती म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव पन्नाशीलाही तसंच होतं. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सिस्टर गेल्यावर तिने दार लावलं आणि खाटेशी आली. "बाबा, ही श्वास मोजते कधी?"

"मोजत असेल."

"मी रोज समोर उभी असते. ताप घेते, दाब घेते, हात धरून बसते. श्वास कधी मोजला हे मला एकदाही दिसलं नाही. आणि दर वेळी अठरा."

"संशय घ्यावा," बाबा म्हणाले, "पण चहाही द्यावा. दिलास का तिला?"

"दिला."

"मग झालं."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. पण बाबांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. ते वजन-मापांचे निरीक्षक. दुकानोदुकानी तराजू, वजनं, मापं तपासायची, खोटी सापडली की जप्त करायची. त्यांची पद्धत सगळ्या बाजाराला ठाऊक होती आणि तरी दर वेळी लागू पडायची. आधी कचेरीतला शिपाई साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून जायचा, किलोभर काहीतरी घ्यायचा, आणि मागाहून बाबा आत शिरायचे. "निरीक्षक दारात दिसला की तराजूसुद्धा शहाणा होतो," ते म्हणायचे. "माणूस असो नाहीतर काटा, त्याला आपण बघतोय हे कळू द्यायचं नाही. तरच तो खरं बोलतो." जेवताना, चालताना, लेकीची गणितं तपासताना त्यांची अशी वचनं चालूच असायची. त्यांतलं एक तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं. बिघडलेला काटा दर वेळी वेगळं खोटं बोलतो. बिघडवलेला काटा दर वेळी एकच खोटं बोलतो.

आता अठरा, अठरा, अठरा. हे दुसरं काय होतं?

दुपारी गिऱ्हाईक आले. तोच जुना शिपाई. गिऱ्हाईक होऊन होऊन सगळ्या कचेरीने त्यांना तेच नाव ठेवलं आणि त्यांच्या बायकोनेही पुढे तेच उचललं. निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी साहेबांशी पत्ते खेळायला यायचे, रोज हरायचे आणि हरल्यावर साहेबांच्या हातात जादा पत्ता असल्याचा आरोप करायचे.

"हात वर करा साहेब. बाही झटका."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुम्हीच शिकवलंत. सख्ख्या भावाचंही वजन उलटं करून बघायचं."

लेक आतल्या खोलीत काम करत होती. ती मुद्रितं तपासायची. छापायला जाण्याआधी पुस्तकातल्या चुका शोधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. कानावर बाहेरचं बोलणं पडत होतं. बाबांनी तेलाच्या व्यापाऱ्याचा किस्सा काढला होता. तो तिला तोंडपाठ होता: पारड्याखाली मेण चिकटवलेलं, त्यावर काळा रंग फासलेला, आणि बाबांनी पारडं उन्हात ठेवून व्यापाऱ्याकडे पाणी मागितलेलं, ते पिता पिता मेण वितळून टपटप खाली. बाबा गोष्ट रंगवून सांगायचे. ऐन मेण वितळायच्या आधी थांबायचे, समोरच्याचा जीव कासावीस करायचे. त्या दुपारी ते थांबत होते, पण भलतीकडे. "मी त्याला म्हटलं... पारडं... जरा उन्हात ठेव... आणि मला... पाणी दे." नको तिथे स्वल्पविराम पडलेले तिला बसल्या जागेवरून दिसले. हातातली पेन्सिल थांबली. मग वाटलं, वय झालंय, थकले असतील.

गिऱ्हाईक गेल्यावर ती चहा करायला स्वयंपाकघरात गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि बिजागरीच्या फटीतून खाट दिसत होती. बाबा दोन्ही हात गादीवर टेकून पुढे झुकले होते. खांदे वर जात होते, खाली येत होते. गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. तोंड उघडं. जिने चढून आलेल्या माणसासारखे ते श्वास घेत होते आणि उठले तर कुठूनच नव्हते.

तिच्या हातातला चमचा ओट्यावर वाजला. पापणी लवते न लवते तोच बाबांनी हात मांडीवर घेतले, पाठ टेकली, तोंड मिटलं. ती चहा घेऊन आत गेली तेव्हा खाटेवर सकाळचेच शांत बाबा होते. फक्त कपाळावर ओल होती.

एक साधं वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं. पण त्या घरात बघायचं काम बाबांचं होतं. ते सगळ्यांना बघायचे, त्यांना कुणी बघायचं नसतं. शिवाय ते वाक्य उच्चारलं की पुढचं सगळं ओळीने आलं असतं: फोन, गाडी, स्ट्रेचर, काच.

"सकाळच्या चहात साखर कमी झाली होती का?" तिने विचारलं.

"बरोबर होती," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर यायच्या आत बाबांचे ओठ निळे पडले. फोन झाला, गाडी आली, स्ट्रेचर आलं. दिवे लागायच्या आत सगळं आटोपलं होतं. काचेपलीकडे.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. तिला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. "फुप्फुसात संसर्ग होता," तो म्हणाला. "दोन-तीन दिवस तरी मुरलेला. ताप म्हाताऱ्या माणसांना येतोच असं नाही. ऑक्सिजनही शेवटपर्यंत तग धरतो, कारण माणूस भराभर श्वास घेऊन तो टिकवत असतो. या सगळ्यात श्वास तेवढा आधी बोलतो. घरी कुणी मोजत नव्हतं का?"

"सिस्टर येत होती रोज."

"मग किती सांगायची ती?"

"अठरा."

डॉक्टर कागद चाळायला लागला. त्याच्या त्या चाळण्यात लेकीला सगळं उत्तर मिळालं.

दुःखाला करायला काम लागतं. लेकीला मिळालं. लोक भेटायला येत, ती चहा करी, हो नाही म्हणे आणि मनात पुरावे जुळवत राही. मनगट धरून गप्प बसणारी बाई. चार घरांची घाई. रोजचा एकच आकडा. मोजल्याशिवाय सांगायचा तर कुणीही अठराच सांगेल. ना जास्त, ना कमी, कुणाच्या डोळ्यांत न येणारा. बाबांच्या वचनावर तिने तो आकडा ठेवून पाहिला. बरोबर बसत होता. बिघडवलेला काटा. बिघडवणारा कोण, हे विचारायचीही गरज नव्हती.

घरी सिस्टर पाठवणाऱ्या संस्थेचं कार्यालय एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर होतं. तिथली व्यवस्थापक बाई बोलायला मऊ होती. "तुमचं दुःख मी समजू शकते. असा हलगर्जीपणा आम्ही खपवून घेत नाही. तुम्ही लेखी द्या, मी तिला कामावरून कमी करते. या धंद्यात एकदा नाव गेलं की दुसरीकडेही कुणी घेत नाही. सोमवारी आणून द्या."

"तिचं काय म्हणणं आहे?"

"ती म्हणते, मोजत होते. सगळेच म्हणतात."

लेक गल्लीत उतरली तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घास तोंडाशी आल्यावर बाबा एकदा मागे सरायचे, तसं झालं. माल जप्त करण्याआधी ते नेहमी विचारत, आपण स्वतः तोलून बघितलंय का? ऐकीव वजनावर त्यांनी कधी कुणाचं दुकान बंद केलं नव्हतं.

ती गिऱ्हाइकांकडे गेली.

त्यांची खोली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. बायको मुलीकडे गेलेली, त्यामुळे टेबलावर पत्ते एकट्यानेच मांडलेले. तिने सगळं सांगितलं. गिऱ्हाईक ऐकताना पत्ते गोळा करत राहिले, पिसत राहिले, वाटले मात्र नाहीत.

"तर काका, तुम्ही आजारी पडायचं."

"या वयात सांगावं लागतं होय?"

"सिस्टरने तुम्हाला पाहिलेलं नाही. ती सकाळी यायची, तुम्ही दुपारी. मी संस्थेत फोन करून तिलाच मागते. तुम्ही पडून राहायचं, मी आत पडद्यामागून तुमचे श्वास मोजणार. ती न मोजता सांगणार, आकडा चुकणार, मग मी बाहेर येणार."

गिऱ्हाइकांनी पत्त्यांची गड्डी टेबलावर ठेवली. "पुन्हा गिऱ्हाईक," ते म्हणाले. "साहेब असते तर म्हणाले असते, पोरगी तयार झाली."

"मग?"

"आणि आकडा बरोबर आला तर?"

"येणार नाही."

"पण आला तर, ताई? तक्रार नाही ना करणार?"

तिला तो प्रश्न जरा विचित्र वाटला. तिने मान हलवली. नाही करणार. गिऱ्हाइकांनी सुस्कारा सोडला. तोही तिला तेव्हा विचित्र वाटला. मग तिने दोन्ही गोष्टी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिल्या.

शनिवारी सकाळी सिस्टर आली. तीच पिशवी, तेच उलटं घड्याळ. गिऱ्हाईक पलंगावर उशीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर असा काही मरणासन्न भाव आणून की पडद्यामागे लेकीला धडकी भरली, आता हे फसतंय.

"काय होतंय, काका?"

"काय होत नाहीये ते विचारा."

"झोप?"

"येते. पण मी झोपलो की येते, आधी येत नाही."

सिस्टर हसली. ताप पाहिला, दाब पाहिला, बोटाला चिमटा लावला. आणि मग, चिमट्यावर नाडीचा आकडा लुकलुकत असताना, तिने गिऱ्हाइकांचं मनगट धरलं.

लेकीने आपलं घड्याळ समोर धरलं आणि पडद्याच्या फटीतून गिऱ्हाइकांच्या गंजिफ्रॉकवर नजर रोवली. एक. दोन. छाती वर येत होती, खाली जात होती. सिस्टर हलत नव्हती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, गिऱ्हाइकांनी मान वळवली, सिस्टरने वळवली नाही. सेकंदाचा काटा फिरून जागेवर आला तेव्हा लेकीचा आकडा चोवीस होता.

सिस्टरने हात सोडला. "श्वास चोवीस," ती म्हणाली. "जास्त आहेत, काका. जिना चढून आलात का आत्ता?"

पडद्यामागे लेक तशीच उभी राहिली. आपण चुकून तिचा आकडा आधी ऐकला आणि मग मोजला असं तर नाही झालं? नाही. तिने आधी मोजले होते. पडदा सारून ती बाहेर आली.

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. कळायला तिला वेळ लागला नाही. "अच्छा," ती म्हणाली. "परीक्षा होती."

"तुम्ही मोजले कधी?" लेक म्हणाली. "तुम्ही तर हात धरून बसला होता."

"म्हणूनच धरते ना हात. माणसाला सांगितलं, तुमचे श्वास मोजते, की त्याचा श्वास बदलतो. तुम्ही आत्ता स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या, बघा, बिघडतो की नाही. म्हणून नाडी बघतेय असं दाखवायचं आणि छातीकडे बघायचं. सदऱ्याची दुसरी गुंडी धरून चालायचं, ती वर आली की एक. पूर्ण मिनिट. पहिल्या वर्षी शिकवतात आम्हाला." तिचा आवाज चढला नव्हता, पण पिशवीची चेन तिने दोनदा लावली आणि दोनदा उघडली. "तुमच्या बाबांचे मी रोज मोजले, ताई. रोज पूर्ण मिनिट. मलाही खटकायचं, एवढं काटेकोर अठरा कसं येतं. एकदा निघता निघता पुन्हा हात धरून मोजले. तरी अठरा. आता आलेच अठरा तर मी काय एकोणीस सांगू?"

काटा बिघडवलेला होता यात आजही शंका नव्हती. पण तो या बाईने बिघडवला नव्हता. मग उरलं कोण?

तिने गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मरणासन्न भाव केव्हाच गळून पडला होता. ते पलंगाच्या कडेला बसून पायांनी चपला शोधत होते. सापडल्या तरी शोधत होते.

"काका."

"मला वाटलं होतं, आकडा जुळला की मिटेल," गिऱ्हाईक म्हणाले. "साहेबांचंही नाव जायला नको आणि या पोरीची भाकरीही जायला नको. मधल्यामध्ये भागेल."

"काय भागेल? नीट सांगा."

"साहेबांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मला म्हणाले, अरे, नाडी तर चिमट्यात दिसते, मग ही हात कशाला धरते? हिची नजर बघ कुठे असते. ही आपलीच पद्धत आहे. गिऱ्हाईक पुढे आणि निरीक्षक मागे." गिऱ्हाईक खाली बघत बोलत होते. "मग बसवला त्यांनी श्वास. तिने हात धरला की मनात वजनांची नावं घ्यायचे, ठरलेल्या लयीत. छटाक, पावशेर, अच्छेर, शेर. एक आत, एक बाहेर. दुपारी माझ्यासमोर सराव करायचे, मी घड्याळ धरायचो. सुरुवातीला खेळच होता हो तो. हसायचो आम्ही. जन्मभर लोकांचे तराजू पकडले, आता माझा कोण पकडतो बघू, असं म्हणायचे."

"आणि शेवटी?"

"शेवटी सिस्टर गेली की बराच वेळ धापा टाकायचे. तेवढं रोखून धरल्याची वसुली. मी म्हटलं, साहेब, ताईंना सांगतो. म्हणाले, सांगितलंस तर पुन्हा या दारात यायचं नाही. चाळीस वर्षांत मला असं बोलले नव्हते ते." त्यांनी चपला घातल्या. "काच, काच म्हणायचे."

सिस्टर खिडकीशी गेली होती. तिथूनच, मागे न वळता, म्हणाली, "म्हणजे मलाच कळलं नाही. मी रोज तिथे बसून बघत होते आणि मला कळलं नाही."

"ते कुणालाच कळू द्यायचे नाहीत," लेक म्हणाली. "मी तक्रार देणार नाहीये. संस्थेत जाऊन तसं सांगेन, सोमवारी. तुमच्याबद्दल जे बोलले ते चूक होतं हेही सांगेन."

"ते सांगा. मला गरज आहे." सिस्टरने पिशवी खांद्याला लावली. दारात पोचली आणि थांबली. रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "पण ताई, मी तर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं यायचे. तुम्ही दिवसभर घरात असायचात ना? तुम्हाला कधी दिसलं नाही?"

लेकीच्या डोळ्यांपुढे बिजागरीची फट आली. गळ्याखालची खळगी. ओट्यावर वाजलेला चमचा. महिनाभर तिने सगळे तराजू उलटे करून पाहिले होते, आपल्या हातातला तेवढा नाही. सिस्टरने उत्तराची वाट पाहिली नाही. "काका, चोवीस जास्त आहेत," ती म्हणाली. "नाटक असो की काही असो. डॉक्टरांना दाखवा." आणि जिना उतरू लागली.

"अहो, नाटकच ते," गिऱ्हाईक लेकीला म्हणाले. "भीतीने वाढले असतील. रंगमंचावर पहिल्यांदाच झोपलो मी."

"हो," लेक म्हणाली. पलंगाशेजारी सिस्टरचा थर्मामीटर राहिला होता. तिला दिसला तसा गिऱ्हाइकांनाही दिसला. तिने हात पुढे करायच्या आत त्यांनी तो उचलला. "मी देतो, मी देतो. तुम्ही चहा टाका." आणि या वयाला न शोभेल अशा झपाट्याने ते खाली गेले.

तिने चहा टाकला. खाली हाका ऐकू आल्या, सिस्टरचं "अरे हो, थँक्यू काका" ऐकू आलं, मग जिन्यावर चपलांचा आवाज. पहिला मजला. थोड्या वेळाने दुसरा. मग आवाज थांबला.

चहा उकळला. तिने गॅस बारीक केला आणि दाराशी येऊन वाकून खाली पाहिलं.

गिऱ्हाईक दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे होते. तिथे भिंतीवर इमारतीचे विजेचे मीटर ओळीने लावलेले होते. ते एका मीटरवर डोळे लावून, एक हात भिंतीला टेकून, पुढे झुकून उभे होते. खांदे वर जात होते, खाली येत होते.

तिच्या चपलेचा आवाज झाला. गिऱ्हाइकांनी वर पाहिलं आणि हात भिंतीवरून काढून मीटरकडे दाखवला, जणू मघापासून तो त्याचसाठी वर होता.

"हे चाक... बघितलंत का, ताई," ते म्हणाले. "किती... जोरात फिरतंय. मीटर... बिघडलेलं दिसतंय."

स्वल्पविराम. नको तिथे.

चहा, साखर, काहीही विचारता आलं असतं. हो काका, बिघडलेलंच दिसतंय, असंही म्हणता आलं असतं. ते खूश झाले असते, आणखी थोडं उभं राहून, हसत वर आले असते. तेच ते सोपं काहीतरी तिच्या तोंडाशी आलंही.

ती जिना उतरून त्यांच्या पायरीपर्यंत आली. त्यांचं मनगट तिने धरलं नाही. सरळ त्यांच्या छातीकडे पाहिलं, त्यांना दिसेल असं.

"तुम्हाला धाप लागलीय," ती म्हणाली. "मला दिसतंय."